आखाजीची वही

वैशाख, आखाजीनंतरचा आठवडा

खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरतात. केळीच्या बागेची वहीही त्याच दिवशी उघडावी. एक जानेवारीचे संकल्प इथे टिकत नाहीत. तेव्हा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) थंडीने आखडलेली असते, रोज लिहावं असं काही घडत नाही. वैशाखात रावेर-यावलकडे पारा ४५ अंशांना भिडतो आणि आजची चूक दोन-तीन दिवसांत पानावर दिसते. सवय लावायला असा कडक मास्तरच हवा.

सवयीचं पहिलं भांडण घड्याळाशी होतं. ‘रोज साडेपाचला बागेत’ हे ठरवलेलं आठ दिवसांत मोडतं, कारण शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. म्हणून सवय पाण्याच्या मोटारीला बांधायची. मोटार सुरू झाली की दहा मिनिटांनी वही. तेवढ्यात ठिबकच्या नळ्यांतली हवा निघून दाब स्थिर होतो.

वहीत रकाने चारच: मोटारीची वेळ, फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, बरणीचं माप, आणि ‘काय दिसलं’ याची एक ओळ. सात-आठ रकाने आखणाऱ्याची वही पोळ्यापर्यंतही जात नाही. लिहायला पेन्सिल घ्यावी. ओल्या हाताने शाई पसरते. (आणि ओला हात स्टार्टरला लावायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर.)

बरणीचं माप सोपं आहे. तासाला ४ लिटरच्या ड्रीपरखाली (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) १५ मिनिटं बरणी ठेवली की बरोबर १ लिटर भरायला हवं. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन जागा. ८०० मिलि भरलं तर पाणी पाचवा हिस्सा कमी. झाडाला दोन ड्रीपर आणि अडीच तास मोटार धरली, तर २० लिटरच्या जागी १६ लिटरच पडतात, आणि आपण मात्र ‘पाणी तर रोज देतो’ म्हणत राहतो. तिन्ही जागी कमी भरलं तर आधी फिल्टर बघायचा. त्याच्या आधीच्या-नंतरच्या दोन गेजांत (दाबमापकांत) अर्ध्या किलोपेक्षा (चौरस सेंमीला) जास्त फरक म्हणजे तो धुवायला झाला. फक्त शेवटी कमी असेल तर नळीच्या टोकाची एंड कॅप उघडून गढूळ पाणी जाऊ द्यायचं. एकच ड्रीपर रुसला असेल तर त्यात क्षार साचलेत. ते काढायला अॅसिड सोडायचंच असेल तर पाण्यात अॅसिड ओतायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.

वही बिघडते ती कंटाळ्याने नाही, खोटेपणाने. चार दिवसांचे आकडे एका बैठकीत आठवून भरले की ते ओळखू येतात: ९००, ९००, ९००, ९००. खरी बरणी इतकी शहाणी नसते. चुकलेल्या दिवशी नुसती आडवी रेघ मारावी. एक रेघ चालते. लागोपाठ तीन दिसल्या तर एक रकाना कमी करावा, पण वही बंद करू नये.

चौथ्या रकान्यासाठी रोज वेगळ्या ओळीतून चालायचं. नाहीतर बांधाजवळची झाडं ओळखीची होतात आणि आतली परकी राहतात. पानावर पिवळसर पट्टे आणि चट्टे दिसले तर हरण्या हा विषाणूरोग असू शकतो. मावा ही कीड तो पसरवते, म्हणून झाड कंदासकट काढून पुरायचं, बांधावर टाकायचं नाही. बागेत काकडी, भोपळा, मिरची लावलेली असेल तर तिकडे आधी बघावं, कारण हा रोग त्यांच्यावरही असतो. लिहिताना ‘बाग ठीक’ हे शब्द बाद. कितवी ओळ, कितवं झाड, कोणतं पान, एवढं तरी हवंच. असं लिहावं लागतं म्हणून डोळा थांबायला शिकतो.

एक ओळ साधारण अशी दिसते: ‘मोटार रात्री १०.१० ते १२.४०. दाब १.६, १.३. बरणी ९६०, ९४०, ८१०. सातव्या ओळीच्या शेवटची तीन झाडं मलूल, एंड कॅप उद्या उजेडात उघडणे.’