चुकीचा समुद्र

वहिनीने व्हिडिओ पाठवलाय. दीड मिनिटाचा. कालपासून किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

जहाज थांबलंय. बिगूल संपतो, दोघं नौसैनिक पुष्पचक्र दोरीने कठड्याखाली सोडतात. वहिनी हात जोडून उभी, शेजारी मिसरूड फुटलेलं आमचं पिल्लू. चक्र लांब जाईल असं वाटतं, पण जात नाही. जहाजाला टेकून हेलकावत राहतं. दादाचंही असंच. घरातून निघाला की तीनदा परत. किल्ली, रुमाल, काहीतरी.

घरच्या दोघांनाच जागा होती म्हणे. बायको आणि मुलगा. बरोबरच आहे. बहिणीसाठी फॉर्मात रकाना नसतो. वहिनीने विचारलं होतं, 'वन्सं, तुमच्याकडून काही न्यायचं का?' 'काही नको गं.' काय तो तोरा! एक वेणी दिली असती तर काय बिघडलं असतं?

२०१६ला बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसं झालेलं ते हवाई दलाचं विमान, एएन-३२. त्याचे अवशेष २०२४च्या जानेवारीत सापडले, ३,४०० मीटर खोल. दादा नव्हता त्या विमानात, तरी त्या रात्री वहिनीचा फोन आला होता. भाजी काय केली, एवढंच बोललो. असो.

आज दुपारी शेवंतीची वेणी घेतली आणि खडकवासल्याची बस पकडली. समुद्र नाही म्हणून धरणाच्या काठालाच चौपाटी म्हणणारे आपण पुणेकर! पलीकडे एनडीए, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथल्या पीकॉक बेमध्ये दादा शिडाची होडी शिकला, आणि पहिल्याच आठवड्यात उलटवली. पत्रात मात्र वाऱ्याला दोष.

वेणी पाण्यात सोडली. डोळे मिटणार तोच मागून कणीसवाल्या बाई, 'ओ ताई, निर्माल्य टाकू नका. पिण्याचं पाणी हाय ते.'

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागरात. दादा अरबी समुद्रात. वेणी सोडली तीही देशाच्या उलट्या टोकाला. तेही धरणाच्या भिंतीपलीकडे गेली तर. नाहीतर पर्वतीच्या जलकेंद्रात गाळून माझ्याच नळाला.

मघाशी माठ भरताना एकटीच हसत होते. वहिनीला सांगायला हवं. तिलाही हसू येईल, कदाचित रागवेलही. करते फोन. त्याआधी एकदा तो व्हिडिओ.