डावी बाजू

रविवार, रात्री साडेअकरा

आज अण्णांनी कोशिंबीर खाल्ली. एवढंच लिहून झोपणार होतो, पण झोप येईना.

दिवाळीच्या आसपास सुरू झालं असणार हे, आता मागं वळून बघितलं की वाटतं. ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहायची, उजवीकडची भाजी आमटी चाटूनपुसून साफ, भाकरीचीपण डावी कोर उरलेली. आईला वाटलं चटणीवर राग आहे. तिनं जवसाची केली, कारळ्याची केली, हे आपले हात धुवून मोकळे. एकदा तर "आज चटणी नाही केलीस व्हय गं" म्हणून तिलाच विचारलं, समोर वाढलेली असताना! त्यावरनं भांडण झालं नि मी आईकडनं बोललो.

मग दाढी अर्धीच व्हायला लागली. मार्केट यार्डात हळदीचा सौदा उरकून येताना स्कूटर दोनदा गेटला घासली, दोन्ही वेळा डावीकडनं, आणि मी चारचौघात बोललो, अण्णा लक्ष कुठं असतं तुमचं. (आजार लक्षाचाच निघाला. ते वाक्य अजून टोचतं.) चष्म्याचा नंबर बदलून आणला, फरक शून्य. शेवटी एका सकाळी डावा हात आपोआप झटके द्यायला लागला तेव्हा घाबरून मिरजेला नेलं, एमआरआय झाला, उजव्या बाजूला पराइटल, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागावर लिंबाएवढी गाठ. मेनिंजिओमा. म्हणजे मेंदूतली नाही, मेंदूवरच्या आवरणातनं निघालेली, हळूहळू वाढत मेंदूला दाबणारी.

डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. अण्णांनी गोल झकास काढला, 1 ते 12 सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि पेन खाली ठेवून आमच्याकडं बघितलं, झालं काम असं. माझ्या पोटात गोळा आला.

याला निग्लेक्ट म्हणतात, जास्त करून स्ट्रोकनंतर होतं, अण्णांना गाठीमुळं झालं. डोळे ठणठणीत, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मला समजलं ते असं की मेंदूचा उजवा भाग दोन्हीकडं लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडंच, त्यामुळं उजवा अडचणीत आला की डावीकडं बघायला कोणी उरत नाही. आमच्या दुकानासारखंच, अण्णा असले की काटा आणि गल्ला दोन्ही बघतात, मी एकटा असलो की फक्त गल्ला. आणि माणसाला आपलं काही राहतंय हे वाटतच नाही, म्हणून तर भांडण.

मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचो. 1978 साली बिसियाक आणि लुझाट्टी या इटालियन संशोधकांनी मिलानमधल्या अशा पेशंटना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवून सांगायला लावला होता, तर त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या, मग चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहात समजा म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या सांगितल्या. माझा विश्वास बसेना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णांना म्हटलं, चौकातनं आपल्या घराकडं येताना काय काय लागतं? म्हणाले किराणा, टेलर, सायकलवाला. सगळे उजवीकडचे. मग म्हटलं आता घरातनं चौकाकडं चाललाय, तर म्हणाले गिरणी, इस्त्रीवाला, दूध डेअरी. चाळीस वर्षं राहिलेली गल्ली, एका वेळी अर्धीच. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

गाठ निघाली, रिपोर्ट ग्रेड 1 चा, कॅन्सर नाही. पण डावी बाजू लगेच आली नाही. फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलं, मुद्दाम डावीकडं बसा, डावीकडनं बोला, पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा, ती दिसेपर्यंत मान वळवायची मगच ओळ वाचायची. अण्णा वैतागतात पण वाचतात.

आणि जेवताना ताट फिरवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. आज कुणी न सांगता अण्णांनी भाजी संपवून ताट गर्रकन फिरवलं, कोशिंबीर समोर आली, खाल्ली, मीठ जास्त झालंय म्हणाले. आई पळीत आमटी घेऊन उभीच, म्हणे अहो आता उजवी कुठली नि डावी कुठली, मी वाढू कुठं?