मध्येच तुटलेली रेष

“सर, स्लिटवर धूळ बसलीय बहुतेक,” ती म्हणाली. गिरवलीला, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या दोन मीटर दुर्बिणीवर एप्रिलमधली पहाट होती. स्वरमंडळ तारकासमूहातला रिंग नेब्युला, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचा कडीसारखा तेजोमेघ, चांगला वर आला होता आणि त्याचं पहिलं एक्स्पोजर नुकतंच स्क्रीनवर उतरलं होतं. एमएस्सीच्या या मुलीची वर्णपट घ्यायची ही पहिलीच रात्र.

स्लिट, म्हणजे वर्णपटमापकात प्रकाश सोडणारी अरुंद फट, तेजोमेघाच्या बरोबर मधून टाकली होती. नायट्रोजनची ६५८ नॅनोमीटरची लाल रेष दोन्ही कडांना ठळक होती, मध्ये मात्र जवळजवळ गायब. शंका रास्तच होती. पण धूळ असती तर सगळ्याच रेषा त्याच जागी तुटल्या असत्या. “५५७.७ बघ,” मी म्हटलं. ती आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची रेष; स्लिटभर अखंड. मग निळ्या बाजूची ४६८.६ दाखवली. ही आयनीभूत हेलियमची, आणि नेमकी मधेच होती. कडांना तिचा पत्ता नाही.

ती पुढे सरकून बघत राहिली.

मधल्या ताऱ्याचं तापमान लाख अंशांच्या वर. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन उडवणारे जहाल अतिनील किरण आतल्या आतच खर्ची पडतात. कडेपर्यंत पोचतात ते सौम्य. तिथे नायट्रोजनचा एखादाच इलेक्ट्रॉन सुटतो. हा वायूही मुळात ताऱ्याचाच. म्हातारपणी फुगलेला तारा सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या संथ वाऱ्याने आपले थर सोडतो. गाभा उघडा पडला की हजार किलोमीटरच्या वेगाचा विरळ वारा सुटतो आणि आधीच्या वायूला मागून रेटून त्याचं कवच करतो. खगोलशास्त्रज्ञ क्वोक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेलं हे चित्र.

सगळ्यात ठसठशीत होती ती ४९५.९ आणि ५००.७ च्या रेषांची हिरवी जोडी. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हगिन्सने १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या तेजोमेघात हा हिरवा प्रकाश पाहिला. तो कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं! १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने उलगडा केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन. वायू कमालीचा विरळ असेल तरच तो असा उजळतो. दाटीत अणू धक्काबुक्कीतच ऊर्जा गमावून बसतो. तिने लगेच दोन्ही रेषांचं गुणोत्तर काढलं. तीनाच्या आसपास, पुस्तकात असतं तसं.

“पण सर, ही खरंच कडी आहे की आपण पिंपात वरून बघतोय?”

प्रश्न लाखातला. त्यासाठी आपल्याकडे येणारी आणि दूर जाणारी भिंत वेगळी दिसायला हवी. वेगातला फरक सेकंदाला काही दशक किलोमीटरचा, आमच्या वर्णपटमापकात तो वेगळा दिसत नाही; त्याहून बारीक फरक टिपणारा हवा. “तशा यंत्रावर वेळ मागणारं प्रपोजल लिही,” मी म्हटलं, “आधी तुलनेसाठी मानक तारा घे, उजाडायला लागलंय.”