ओग्रेमॉकला गाऱ्हाणं

“आग दुष्ट, पटलं. पाणी, वारा, तेही पटलं. पण भूमी? भूमी कशी दुष्ट असेल?”

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता नुसतं “पण भूमी...” एवढं ऐकलं की मी चहा टाकायला उठतो. गेली काही वर्षं दर रविवारी पुण्यातल्या माझ्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा डाव रंगतो. मी डंजन मास्टर. म्हणजे जग माझं, राक्षस माझे (भूमीचा दुष्ट सरदार ओग्रेमॉक त्यांतलाच), आणि समोरच्या पाच जणांची पात्रं त्या जगात काय करतील ते त्यांचं. नव्यानं आलेले खेळाडू विचारतात, त्यांना सोडायला आलेले पालक विचारतात, आणि कणकवलीहून माझ्याकडे राहायला आली की आत्या विचारते. ती तर दर वेळी विचारते. आधीचं उत्तर तिला मान्य नसतं म्हणून.

तर एकदाच नीट सांगतो.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणला. १९८१ मध्ये ‘फीन्ड फोलिओ’ नावाचं राक्षसांचं पुस्तक निघालं, त्यात ल्यूइस पल्सिफरनं रचलेले पंचमहाभूतांचे दुष्ट सरदार आले. पंचमहाभूतं म्हणालो खरं, पण त्यांच्याकडे आकाश नाही. इमिक्स आगीचा, ओल्हायड्रा पाण्याची, यान-सी-बिन वाऱ्याचा, ओग्रेमॉक भूमीचा, आणि पाचवा क्रायोनॅक्स थंडीचा. (थंडी हे महाभूत कसं, हा वाद आमच्याकडे एका रविवारी अख्खा दीड तास चालला. तो इथे नको.) २०१५ च्या एका मोठ्या कथानकात क्रायोनॅक्स सोडून बाकी चौघांचे पंथ डेसारिन नावाच्या खोऱ्यात लपून बसलेले असतात, आणि खाली बुटक्यांच्या एका जुन्या, ओसाड नगरीत त्यांची देवळं असतात. ओग्रेमॉकचा पंथ ‘काळ्या भूमी’चा. वर मठ, साधू, शांतता, खाली हा. पंथाचा मुख्य मार्लोस अर्नरेल हा मेडूसा आहे, म्हणजे नजरेनं माणसाचा दगड करणारा. आम्ही सध्या हेच खेळतोय.

ओग्रेमॉक दिसायला म्हणाल तर चालता डोंगर. हातपाय आहेत, पण कोणी घडवलेले वाटत नाहीत, कडा तुटून उरलेले वाटतात. त्याचे हिट पॉइंट्स, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसेल त्याचा आकडा, ५२६. आमच्या टेबलावर त्यांना ‘जीव’ म्हणतात. तुलनेसाठी सांगतो, आमच्या टोळीत सगळ्यांत दणकट जी आहे तिचे ९७.

आता आक्षेप. तो मराठी आक्षेप आहे आणि मला तो मनापासून आवडतो. इतर महाभूतांची आपल्याला भीती असते, भूमीची लाज असते. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणायला आत्यानंच मला शिकवलं. जिच्यावर पाय ठेवल्याबद्दल रोज माफी मागायची, तिचा राक्षस कसा करणार?

पण आत्या, तूच मला दुसरीही गोष्ट शिकवलीस. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी कारीट ठेवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं, ‘गोविंदा गोविंदा’ म्हणायचं, आणि त्याचा कडूजहर रस जिभेला लावायचा. ते कारीट म्हणजे नरकासुर. गोव्यात त्याचे रस्तोरस्ती पुतळे जाळतात. आणि नरकासुर कोणाचा मुलगा? भूमीचा. म्हणून तर भागवतात त्याला भौम म्हटलंय. अदितीची कुंडलं पळवणारा, हजारो मुलींना कोंडून ठेवणारा हा गडी थेट धरणीच्या पोटचा. त्याला मारल्यावर कृष्णासमोर कोण येतं? भूमी स्वतः. ती कुंडलं परत देते आणि मेलेल्या मुलाच्या मुलाला, भगदत्ताला, पुढे करून म्हणते, हा घाबरलाय, याला सांभाळ. लहानपणी कारीट फोडताना ही बाजू कोणी सांगितली नव्हती. वाचली तेव्हा पुढच्या दिवाळीत अंगठा जरा बिचकला.

तेव्हा भूमीच्या पोटी दुष्ट निपजू शकतो, हे आपल्याला नवं नाही. मात्र भौमासुर आणि ओग्रेमॉक यांत एक फरक आहे, आणि माझं सगळं उत्तर त्या फरकात आहे. भौमासुराला काहीतरी हवं होतं. कुंडलं हवी होती, छत्र हवं होतं, बायका हव्या होत्या. ओग्रेमॉकला काही नको आहे. तो भूमीतला तेवढाच भाग आहे ज्यात काही उगवत नाही. माती नाही, नुसता दगड. त्याच्या लेखी झाड, माणूस, घर हा वर साचलेला कचरा. राग नाही, सूड नाही, वाट आहे आणि वाटेत जे येईल त्याचा चुरा आहे. पुस्तकात तो याहून थोडा रागीट आहे, पण माझ्या टेबलावर मी राग काढून टाकला.

नियमांत त्याला एक खास ताकद आहे: घरं, भिंती, दरवाजे, कुठलंही बांधकाम असो, त्याच्या माराचं नुकसान दुप्पट. मी पहिल्यांदा ती वापरली तेव्हा एक गाव घेतलं होतं. रात्रीची वेळ, गाव झोपलेलं, आणि मी रंगात येऊन दगडी भिंती कशा कोसळतात त्याचं वर्णन करत होतो. आमच्यातली एक खेळाडू लातूरकडची. तिनं फासा हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, “दादा, हे पुढे नेऊ या का?” मला दोन सेकंद लागले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीत आणि भोवतालच्या गावांत चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. ती तेव्हा जन्मलीही नव्हती, पण तिच्या घरात आजही भिंतीलगत कोणी झोपत नाही. नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, “आमचे आजोबा भुईला कधीच शिवी देत नाहीत. भिंतींना देतात. त्यांनीच बांधल्या होत्या ना.”

तेव्हापासून ओग्रेमॉक माझ्याकडे वस्तीत येत नाही. तो खाली, देवळातच असतो. आत्याला हा प्रसंग मी सांगितलेला नाही.

आणि मग गेल्या महिन्यातला रविवार. टोळी शेवटी त्याच्यासमोर पोचली. एवढ्या आकाराची तयार मूर्ती विकत घेणं मला परवडत नाही, म्हणून मी आत्यानं गावाहून आणलेला काळा वरवंटा उचलला, कणकेचा गोळा करून त्यात उभा रोवला, आणि नकाशावर ठेवला. शेजारी खेळाडूंच्या बोटभर मूर्ती. वर दिवा असा होता की वरवंट्याची सावली पाचही जणांवर पडत होती. मी ठरवून तसं केलं नव्हतं, पण श्रेय घेतलं.

सगळ्यांचे मिळून दोनशेही जीव उरले नव्हते. लढणं वेडेपणा. तेवढ्यात आमचा मालवणचा गडी, जो एरवी खेळात चोर आहे, उभा राहिला. हात जोडले. “मी गाऱ्हाणं घालतंय,” म्हणाला.

“बा देवा म्हाराजा!”

बाकीचे चौघे क्षणभर बघत राहिले, मग एकदम: “व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत. काय चुकला-माकला असात तां पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमची वाट मोकळी कर!”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज पाच जणांचा नव्हता. सहावी आत्या होती, दारात, हातात लसूण.

आता माझी पंचाईत बघा. आपल्याकडचा कुठलाही दगड बोलण्याबाहेरचा नसतो. शिवेवरचा म्हसोबा घ्या, वेताळ घ्या. कडक देव, पण शेंदूर लावा, नारळ द्या, कोंबडं कबूल करा, तो ऐकतो. निदान ऐकून घेतो. गाऱ्हाण्याचा सगळा पाया तोच आहे की समोर ऐकणारा आहे. मी म्हटलं, टाक फासा. त्यानं वीसपैलू फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, कपाळाला लावला, टाकला. वीस. त्याहून मोठा आकडा फाशावर नाही.

नियमानं वीस पडले म्हणजे मन वळलंच असं नसतं. ते हमखास यश हल्ल्यापुरतं. पण टेबलावर वीस पडल्यावर नियम सांगणाऱ्या डंजन मास्टरला चहासुद्धा मिळत नाही. आणि ओग्रेमॉकनं विनवणी ऐकली असं दाखवलं असतं तर तो ओग्रेमॉक उरला नसता. मी पान उलटलं. त्याच्या एका शक्तीवर बोट थांबलं.

“तो थांबतो,” मी म्हणालो. “पहिल्यांदाच थांबतो. त्याचा हात आपल्याच उजव्या खांद्याकडे जातो. कडाड आवाज. खांद्याचा एक मोठा तुकडा तोडून तो तुमच्यासमोर जमिनीवर ठेवतो.”

“उजवो कौल!” मालवणकर ओरडला. देवाच्या पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की कौल मिळाला, काम होणार. पोरं टेबलावर चढायची बाकी राहिली. आत्यानं लसूण कपाळाला लावून नमस्कार केला.

मी त्यांना तेवढा आनंद घेऊ दिला. मग म्हणालो, “तो तुकडा डोळे उघडतो.”

ती शक्ती तशीच आहे. ओग्रेमॉक स्वतःचे ५० जीव मोडतो आणि त्या तुकड्याचा गार्गॉइल होतो, पंखांचा, नखांचा दगडी राक्षस. ५२६ मधले ५० गेले, हे वीस पडल्याचं फळ. टोळी पळाली. तिघं वाचले, दोघं खालीच राहिले. चोर वाचला, चोर नेहमी वाचतो.

रात्री सगळे गेल्यावर आत्या वरवंट्याला चिकटलेली कणीक सुरीनं खरवडत होती. मी तिला म्हटलं, बघितलंस ना, म्हणून तो दुष्ट. तिनं मान हलवली नाही.

“त्याला काय हवं होतं? नारळ? रक्त? काय?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

तिनं वरवंटा नळाखाली धरला, पदराला पुसला. “मग देव कसला तो,” म्हणाली, आणि लसणाची चटणी वाटायला घेतली.

नियमपुस्तकातही त्याला देव म्हटलेलं नाही, सरदारच म्हटलंय. हे तिला सांगायला मी गेलो, पण पाट्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं.