गोळ्या घ्यायला थांबलात की घेणं थांबवलंत?

संध्याकाळी साडेसातला ती ड्यूटीवरून थेट येते. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत बसून आम्ही तासभर इंग्रजी बोलतो. ती नर्स आहे, परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. परवा सरावासाठी मी पेशंट झाले होते आणि ती माझी विचारपूस करत होती. तिनं विचारलं, ‘व्हाय डिड यू स्टॉप टू टेक युअर टॅब्लेट्स?’

तिला म्हणायचं होतं, गोळ्या घेणं का बंद केलंत. निघाला तो अर्थ असा, की हातातलं काम सोडून गोळ्या घ्यायला का थांबलात. वॉर्डात असं बोलली असती तर पेशंट गोंधळून गेला असता.

नियम तिला पाठ होता. वहीत यादी होती, अमक्यापुढे ‘टू’, तमक्यापुढे ‘आयएनजी’. पण समोर माणूस बसलेला असताना यादी आठवत नाही. मी म्हटलं, ‘‘वही मिट. येताना पोहे खायला गाडीवर थांबलीस, तर कसं सांगशील?’’

‘‘पोहे खायला थांबले.’’

‘‘आणि ॲसिडिटी झाली म्हणून पोहे सोडलेस तर?’’

‘‘पोहे खाणं थांबवलं.’’

‘‘मग झालं तर! ‘खायला’ म्हणजे टू ईट. ‘खाणं’ म्हणजे ईटिंग.’’

ती दोनदा पुटपुटली, खायला, खाणं. मग स्वतःच म्हणाली, ‘‘काकू, म्हणजे हे मला येतच होतं?’’

येतच होतं. मराठी माणसाला क्रियापदाची ही रूपं दिवसभर तोंडात असतात. ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे रिमेंबर टू लॉक, आणि ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे रिमेंबर लॉकिंग. खिडकी घट्ट बसली आहे, जोर लावूनही उघडत नाही, तेव्हा ‘उघडायचा प्रयत्न केला’, ट्राइड टू ओपन. उकडतंय, वारा येतो का पाहू, तेव्हा ‘उघडून बघ’, ट्राय ओपनिंग. ‘उघडून बघ’ इतकं नेमकं तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो आपला ‘ला’. इंदूरला जायला. गावाला लागतो तोच प्रत्यय क्रियापदालाही लागला. ‘जावयास’मधला ‘स’सुद्धा चतुर्थीचाच. इंग्रजी ‘टू’ही तसाच, मुळात दिशा दाखवणारा: टू इंदूर, टू गो. जिथे जायचं, जे करायचं, तिकडे बोट दाखवणारा शब्द.

आणि जिथे ‘टू’ नको, तिथेही मराठी मदतीला येते. ‘त्याला खाऊ दे’ म्हणजे लेट हिम ईट, मध्ये काही नाही. ‘त्याला खायला दे’ म्हणजे गिव्ह हिम समथिंग टू ईट. आपल्या इंदुरात तर हे हिंदीतही रोज ऐकू येतं, खाने दो आणि खाने को दो. दोन्हींतला फरक इथल्या लहान पोरालाही कळतो.

पण मराठी सगळीकडे पुरत नाही, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. ‘त्यांनी मला जायला सुचवलं’ हे मराठीत चालतं, म्हणून आपण सजेस्टेड मी टू गो म्हणतो, आणि ते चुकतं. सजेस्टेड दॅट आय गो म्हणावं लागतं. ‘खेळायला मजा येते’ म्हणून एन्जॉय टू प्ले होतं. हवं असतं एन्जॉय प्लेइंग. मेक तर आणखी विचित्र: मेड हिम वेट, पण वाक्य उलटवलं की ही वॉज मेड टू वेट, ‘टू’ परत हजर. हेल्पला दोन्ही चालतात, बोलताना ‘टू’ बहुधा गळतो.

अशा ठिकाणी शब्दकोश उघडायचा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शिकणाऱ्याला शब्दाच्या अर्थाइतकीच त्याच्यापुढे काय येतं याची गरज असते, हे त्यांनी ओळखलं आणि क्रियापदांचे साचे शब्दकोशातच घातले. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. अजून आपण बहुतेक जण कोशात अर्थ बघतो आणि मिटतो. अर्थाशेजारचं ते उदाहरणाचं वाक्य मोठ्यानं वाचा, एवढं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

त्या दिवशी निघण्याआधी तिनं पुन्हा विचारलं, ‘व्हाय डिड यू स्टॉप टेकिंग युअर टॅब्लेट्स?’ मी म्हटलं, चक्कर यायची म्हणून. तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला, अगदी वॉर्डात विचारते तसा, खुर्ची जवळ ओढून.

रात्री दहाला मेसेज आला: काकू, आय फरगॉट टू टेल यू, उद्या नाइट ड्यूटी आहे.