संदर्भसूचीत घोळ नेमका कुठे होतो?

शैली, म्हणजे संदर्भ लिहिण्याची ठरलेली पद्धत, कुठली वापरायची हे बहुतेक वेळा जर्नल किंवा गाईड ठरवून टाकतात, आणि संदर्भ साठवणाऱ्या झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती दोन क्लिकमध्ये बदलते. त्यामुळे एपीए शैली बरी की शिकागो, यावर डोकं शिणवण्यात फारसा अर्थ नाही. डोकेदुखी असते ती सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत, म्हणजे तिथल्या नोंदींच्या साठ्यात, भरलेल्या माहितीची. ती कच्ची असेल तर वरून कुठलीही शैली चढवा, आतला घोळ तसाच राहतो.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध घ्या. एपीएमध्ये क्रम असा: आडनाव आणि आद्याक्षरं, कंसात वर्ष, निबंधाचं शीर्षक, मग नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८ आणि शेवटी डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक. यात १७१ हा खंड, तो इटॅलिक. कंसातला ४३५६ हा अंक, तो साधा. जर्नलचं नाव इटॅलिक, निबंधाचं शीर्षक मात्र साधं. आणि इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द, कोलननंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढ्यांनाच कॅपिटल. तोच निबंध व्हँकूवर पद्धतीत लिहिला की आद्याक्षरांमधले टिंब गळतात, वर्ष जर्नलच्या नावानंतर सरकतं आणि पानं ७३७–८ अशी आखडतात. एमएलएमध्ये ती ७३७–३८ होतात. आयईईईमध्ये आद्याक्षरं आडनावाआधी येतात आणि मजकुरात चौकोनी कंसातला क्रमांक. कपडे बदलले, माणूस तोच.

या निबंधाच्या डीओआयचा शेवट १७१७३७ए० असा आहे. शेवटचं ते शून्य आहे, इंग्रजी ओ नव्हे. हाताने टाइप करणारे इथेच फसतात. कॉपी-पेस्ट केलेलं बरं, पण पीडीएफमध्ये डीओआय दोन ओळींत तुटला असेल तर मध्ये स्पेस घुसते आणि लिंक मरते. वाक्य संपलं म्हणून शेवटी पूर्णविरामही देऊ नका. एपीए तो मुद्दामच देत नाही. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडा आणि नुसतं पान उघडलं यावर समाधान मानू नका, समोर तोच निबंध आहे का ते बघा. चॅटबॉटकडून घेतलेल्या संदर्भांत कधी कधी डीओआय चालू असतो आणि निबंध भलताच निघतो.

आता लायब्ररीतल्या नेहमीच्या खोड्या. बऱ्याच साइटवरून शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये किंवा प्रत्येक शब्दाला कॅपिटल अशा रूपात आयात होतं. झोटेरोमध्ये शीर्षकावर राइट क्लिक करून सेंटेन्स केस (फक्त पहिल्या शब्दाला कॅपिटल) निवडा, मग विशेषनामं आणि लघुरूपं नजरेखालून घाला. साठवायचं ते सेंटेन्स केसमध्येच. कारण त्यावरून टायटल केस (मुख्य शब्दांना कॅपिटल) सॉफ्टवेअर आपोआप बनवतं. उलटं त्याला जमत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळत नाही. बिबटेकमध्ये, म्हणजे लेटेक या टाइपसेटिंग प्रणालीच्या संदर्भ-फाइलीत, डीएनएसारखं लघुरूप महिरपी कंसात ठेवावं लागतं, नाहीतर बऱ्याच शैलींत त्याची स्मॉल अक्षरं होतात.

लेखक म्हणून संस्था असेल तर आणखी गंमत. जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव दोन रकान्यांत विभागलं गेलं की सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे कुणी गृहस्थ अवतरतात. झोटेरोमध्ये नावाचा रकाना एकेरी करायचा, बिबटेकमध्ये नाव दुहेरी महिरपी कंसात.

एकच निबंध लायब्ररीत दोनदा असेल तर मजकुरात वर्षापुढे विनाकारण ए आणि बी लागतात. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत ‘जेम्स’ आणि दुसरीत ‘जेम्स डी.’ असेल तर सॉफ्टवेअर त्यांना दोन माणसं समजतं, आणि एपीएत मजकुरातल्या आडनावाआधी अचानक आद्याक्षरं उगवतात. अशा वेळी वर्डमधली सूची हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या रिफ्रेशला सगळं पूर्ववत होईल. दुरुस्ती लायब्ररीतच करा.

एपीएच्या जुन्या नमुन्यांपासूनही सांभाळा. सूचीत प्रकाशकाचं शहर दिसलं की समजावं, नमुना २०१९ च्या आधीचा. सातव्या आवृत्तीने शहर काढून टाकलं. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि एट अल. (‘आणि इतर’); सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं. थेट अवतरण ४० शब्दांचं किंवा मोठं असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. पान क्रमांक छोट्या-मोठ्या दोन्ही अवतरणांना हवाच.

मूळ निबंध न वाचता दुसऱ्याच्या लेखातून मुद्दा उचलला असेल तर मजकुरात दोघांचा उल्लेख करायचा, सूचीत फक्त आपण वाचलेला. मूळ लेख वाचल्याचा आव आणला की त्या दुसऱ्याची चुकलेली पानंही तुमच्या नावावर जमा होतात, आणि परीक्षक ती ओळखतात.

सूचीतली दुसरी ओळ आत घ्यायला स्पेसबार बडवू नका. सूची निवडून कंट्रोल आणि टी दाबा, वर्ड हँगिंग इंडेंट देतं.

पाठवण्याआधी सूचीची प्रिंट काढा. लेखक-वर्ष पद्धत असेल तर मजकुरात सुरुवातीचा कंस शोधत जा. सापडलेल्या प्रत्येक संदर्भासमोर सूचीत खूण करा. वाक्यात नाव गुंफलेलं असलं तरी वर्ष कंसात असतं, म्हणून तेही सापडतं. खूण नसलेली नोंद सूचीतून जाते, आणि सूचीत न सापडलेला संदर्भ लायब्ररीत शोधायचा. वैयक्तिक पत्रव्यवहार याला अपवाद. एपीएत तो फक्त मजकुरात देतात. मग फाइलची वेगळी प्रत करून त्या प्रतीतच झोटेरोचे दुवे तोडा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतात. मूळ फाइल जिवंत ठेवा, कारण परीक्षकांचे शेरे आल्यावर चार संदर्भ वाढणारच.