प्राथमिक वर्गांना लैंगिक शिक्षण देताना: माझा अनुभव

चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतलीच नाही. शोधायला गेले तेव्हा ती स्वच्छतागृहात दार लावून बसलेली होती, कमरेला स्वेटर घट्ट बांधलेला होता आणि आपल्या पोटात काहीतरी फुटले आहे अशी तिची खात्री झाली होती. तिला मासिक पाळी आली होती. तिचे वय साडेनऊ होते आणि याबद्दल तोपर्यंत तिला घरी किंवा शाळेत कोणीही एक शब्द सांगितलेला नव्हता. पाळीचा विषय सहावी-सातवीच्या आधी काढायचा नाही, असा आम्हा शिक्षकांचा न बोललेला नियमच होता. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकतात आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 च्या दरम्यान, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण वाचलेल्या आकड्याचा आणि समोरच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचा संबंध मी कधी जोडला नव्हता. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावून, पुढच्या वर्षापासून पहिली ते पाचवीला हा विषय तुम्ही घ्या, असे सांगितले.

मला वाटले होते की तयारी म्हणजे पाठांची आखणी. प्रत्यक्षात पहिले दोन महिने शब्दांत गेले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभे राहून मी शिश्न, वृषण, योनी, गुदद्वार हे शब्द मोठ्याने उच्चारायचा सराव केला, कारण मुलांसमोर माझा आवाज क्षणभर जरी खाली गेला असता तरी या अवयवांविषयी कुजबुजूनच बोलायचे असते हा पहिला धडा त्यांनी माझ्याकडूनच घेतला असता. आपल्या भाषेत या अवयवांसाठी एक शब्द पोथीतला वाटतो आणि दुसरा शिवीतला असतो. मधला, रोजच्या बोलण्यातला शब्द जवळजवळ नाहीच. म्हणून घरोघरी 'शूची जागा' किंवा 'खालची जागा' असे म्हणून वेळ भागवली जाते. त्यातल्या 'लाजेची जागा' या शब्दाला मी मनापासून विरोध करते. ज्या अवयवाच्या नावातच लाज आहे, त्याला कोणी हात लावला तर मूल ते सांगायला तोंड कसे उघडेल? त्या जागी आग होते, खाज येते किंवा कोणी दुखावले आहे हे नेमके सांगता यावे यासाठी मुलाकडे नेमका शब्द असावा लागतो, आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला तो एकदाच ऐकून कळावा लागतो.

शब्द शिकताना माझे स्वतःचे अज्ञानही समोर आले. मुलींच्या शरीरात मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदद्वार अशी तीन वेगवेगळी द्वारे असतात, हे चित्र काढून दाखवण्याची वेळ आली तेव्हा माझ्यासह आम्हा तिघी शिक्षिकांपैकी एकीलाच ते बिनचूक काढता आले. स्वतःच्या शरीराची माहिती नसताना आम्ही इतकी वर्षे विज्ञान शिकवत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

आराखड्यासाठी मी युनेस्कोने इतर संस्थांच्या सोबतीने तयार केलेल्या मार्गदर्शिकेचा आधार घेतला. ती प्रथम 2009 मध्ये आली आणि 2018 मध्ये सुधारली गेली. तिच्यात 5 ते 8 आणि 9 ते 12 या वयोगटांसाठी काय शिकवावे हे स्वतंत्रपणे मांडलेले आहे, आणि एकूण आठ मुख्य संकल्पनांपैकी पहिली आहे नातेसंबंध. मानवी शरीर आणि त्याची वाढ सहाव्या क्रमांकावर येते. या क्रमाने माझी कल्पनाच बदलली. हा विषय म्हणजे 'बाळ कसे होते' असे मी धरून चालले होते, परंतु पहिली-दुसरीच्या वर्गात त्याची सुरुवात मैत्री, कुटुंब, रुसवा, माफी आणि नकार यांपासून होते.

पालकसभेची मला सर्वात जास्त धास्ती होती. मी वर्गात दाखवणार असलेले प्रत्येक चित्र आणि बोलणार असलेले प्रत्येक अवघड वाक्य पालकांसमोर ठेवले, कारण लपवलेल्या एका चित्राने सगळा विश्वास गेला असता. "आमच्या वेळी कोणी शिकवलं नाही, आमचं काय अडलं?" असे एका वडिलांनी विचारले, आणि एका आईने "नको त्या वयात नको ते डोक्यात शिरेल" अशी भीती बोलून दाखवली. असे शिक्षण दिल्याने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असे संशोधनाच्या आढाव्यांतून दिसत नाही, उलट काही ठिकाणी ती उशिरा वळतात, हे मी सांगितले. परंतु या उत्तराने कोणाचे समाधान झाल्याचे मला जाणवले नाही. मग मी सर्वांना कोरे कागद दिले आणि नाव न घालता लिहायला सांगितले: तुम्हाला हे सगळे कोणत्या वयात, कोणाकडून आणि कसे कळले? चिठ्ठ्या गोळा करून मी त्या वाचत गेले. मित्रांच्या टवाळीतून. चुलत भावाने दाखवलेल्या मासिकातून. लग्नानंतर. एका चिठ्ठीत फक्त "मला वाटलं मी मरणार" एवढेच होते, आणि ती वाचल्यावर सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. विरोध संपला असे मी म्हणणार नाही, पण त्यानंतरची चर्चा शिकवावे की नाही याची राहिली नाही, कसे शिकवावे याची झाली. प्रत्येक पाठाचा मजकूर आठवडाभर आधी घरी पाठवायचा, असे ठरले.

लहान वर्गांत मला सर्वात मोलाचा वाटलेला पाठ अगदी साधा होता. दोन-दोन मुलांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने "तुझा हात धरू का?" असे विचारायचे आणि दुसऱ्याने "हो", "नको" किंवा "आत्ता नको" यांपैकी काहीही म्हणायचे. "नको" म्हणायला मुले पटकन शिकली. अवघड गेले ते "नको" ऐकणे. नकार मिळालेली मुले हिरमुसली, काहींनी पुन्हापुन्हा विचारले, आणि एका मुलाने "मग मी तुझ्याशी बोलणार नाही" असे सांगितले. त्या एका वाक्यावर आम्ही पूर्ण तास बोललो. नकार मिळाल्यावर वाईट वाटणे चुकीचे नाही, मात्र त्या वाईट वाटण्याचे ओझे समोरच्यावर टाकायचे नाही, हे दुसरीच्या मुलांना त्यांच्या शब्दांत समजते. मोठ्या वयात संमतीबद्दल जे काही शिकवायचे असते त्याचा पाया इथेच पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. हा पाठ मोठ्या माणसांनाही लागू होतो, हे मुलांनीच मला दाखवून दिले. एका मुलीने विचारले, "बाई, पाहुण्यांना पापी द्यायची नसेल तर नको म्हटलं तर चालतं का?" मी "हो" म्हटले, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या आईला ते का चालते हे समजावून सांगितले.

सुरक्षिततेचा पाठ मी सुरुवातीला 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' या रूढ शब्दांत घेतला आणि वर्षाच्या मध्यावर ते शब्द सोडून दिले. इंजेक्शन दुखते, म्हणून तो वाईट स्पर्श का, असे एका मुलाने विचारले, तेव्हा मला यातली उलट बाजू दिसली: शोषण करणाऱ्याचा स्पर्श दुखेलच असे नाही, तो गुदगुल्यांसारखाही असू शकतो, आणि मग मूल गोंधळून स्वतःलाच दोष देते. आता मी 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' असे म्हणते, आणि कसे वाटले यापेक्षा काय घडले यावर बोलते. खासगी अवयवांना स्वच्छतेच्या किंवा आजाराच्या कारणावाचून कोणी हात लावला, त्यांना हात लावायला सांगितले, ते दाखवायला सांगितले, किंवा हे गुपित ठेव असे म्हटले, तर ते असुरक्षित. वाढदिवसाची भेट लपवणे म्हणजे गंमत, कारण ती काही दिवसांनी सर्वांना कळणारच असते. शरीराविषयीचे, कायम ठेवायचे गुपित कोणीही मुलाला ठेवायला सांगू शकत नाही. 'अनोळखी माणसापासून सावध राहा' एवढेच सांगणे मी थांबवले, कारण मुलांचे लैंगिक शोषण करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची आणि विश्वासातली असते. 'जोरात ओरडा आणि पळा' हेही मी आता एकटे सांगत नाही. भीतीने कित्येक मुले गोठून जातात. ओरडता आले नाही तरी चूक तुझी नाही, आणि उद्या, पुढच्या महिन्यात किंवा वर्षानेही सांगता येते, हे वाक्य त्याला जोडल्याशिवाय तो पाठ पूर्ण होत नाही.

चौथी-पाचवीसाठी प्रश्नपेटी ठेवली. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असे लिहायचे, म्हणजे कोण लिहीत आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या माणसांना ज्या प्रश्नांची भीती वाटते ते त्या पेटीत फार थोडे निघाले. बाळ पोटात शी करते का? (पहिली शी सहसा जन्मानंतर होते, लघवी मात्र ते गर्भजलात करते.) जुळी कशी होतात? स्त्रीबीज केवढे असते? ते मिलिमीटरचा साधारण दहावा भाग असते, हे सांगून मी मुलांना वहीतल्या टिंबाकडे निरखून पाहायला लावले. पाळीत सगळे रक्त संपून जाते का, या प्रश्नाचे उत्तर मी मोजून दाखवले: संपूर्ण पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. लाल रंग मिसळलेले तेवढे पाणी पेल्यात ओतले, तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. प्रश्नात शिवीचा शब्द आला तर त्या जागी योग्य शब्द घालून मी प्रश्न वाचते आणि उत्तर देते, कारण मुलाकडे बहुधा तेवढा एकच शब्द असतो.

हे पाठ मुलगे आणि मुली यांना एकत्रच दिले, फक्त शेवटी एकेक तास वेगळा ठेवला, ज्यात मुलग्यांचा तास एका सरांनी घेतला. मुलग्यांच्या बदलांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. झोपेत वीर्य बाहेर येण्याला आपल्याकडे 'स्वप्नदोष' म्हणतात. त्या शब्दातला दोष मुलाच्या मनात किती वर्षे राहत असेल याचा विचार करून आम्ही तो शब्द वापरला नाही, आणि घडते ते जसे घडते तसे सांगितले. एकत्र तासात एका मुलाने विचारले, "एखादीच्या कपड्यांना डाग दिसला तर आम्ही काय करायचं?" मी उत्तर देण्याआधीच, गेल्या वर्षी स्वच्छतागृहात बसलेली ती मुलगी म्हणाली, "हळूच सांगायचं आणि स्वेटर द्यायचा."

माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. पहिल्याच तासाला मुलांना धीर यावा म्हणून मी म्हणाले होते की इथे बोललेले या वर्गाबाहेर जाणार नाही. पुढे पेटीत एक चिठ्ठी आली: घरातल्या मोठ्याने मोबाइलवर काही दाखवले, ते खरे असते का? चिठ्ठीवर नाव नव्हते. मी सर्वांसमोर इतकेच सांगितले की मोठ्यांसाठीची अशी चित्रे मुलांना दाखवणे ही दाखवणाऱ्याची चूक असते, पाहणाऱ्या मुलाची कधीच नसते, आणि असे झाले असेल तर मला येऊन सांगावे. त्याच वेळी माझे आधीचे वचन मागे घेतले: कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला ते मदत करू शकणाऱ्यांना सांगावेच लागेल. असे म्हटल्यावर कोणीच येणार नाही, अशी मला भीती होती. दोन दिवसांनी मूल आले. मी ऐकून घेतले, माझ्याकडचे शब्द त्याच्या तोंडी घातले नाहीत, पुन्हापुन्हा विचारले नाही, "सांगितलंस ते बरं केलंस" असे म्हटले, त्याने वापरलेल्याच शब्दांत सगळे लिहून काढले आणि त्याच दिवशी शाळेत या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे दिले. पुढचे त्या मुलाचे आहे, ते मी लिहिणार नाही. आता मात्र प्रत्येक वर्गाचा पहिला तास, मी काय गुप्त ठेवू शकते आणि काय ठेवू शकत नाही, यानेच सुरू होतो.

यंदा पाळीचा आणि वयात येण्याचा पाठ पाचवीतून चौथीच्या सुरुवातीला आणला आहे, आणि पॅड, जास्तीचे कपडे व कागदी पिशव्या असलेला एक खण प्रत्येक वर्गाच्या कपाटात ठेवला आहे, जो उघडायला परवानगी लागत नाही. चौथीच्या एका वडिलांनी लेखी हरकत घेतली आहे. माझी मुलगी अजून लहान आहे, असे त्यांनी लिहिले आहे. गुरुवारी ते भेटायला येणार आहेत. मी सगळी चित्रे काढून ठेवली आहेत आणि सोबत एक कोरा कागदही.